जैवंती, तो निळा रंग पानाचा नव्हता

जैवंती, तू बरोबर होतीस. हे वाक्य तुझ्या तोंडावर म्हणायला मला दोन मिनिटंही लागली नसती. आता ते लिहायला सव्वा महिना लागला, आणि तू ते वाचणार नाहीस.

विभागाच्या अंकात तुझ्यावर लिहायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं, कारण दोन वर्षं आपण एकाच टेबलावर होतो. मी आधी एक कागद लिहिला. त्यात तुझं गाव, शिक्षण आणि "स्वभावाने मनमिळाऊ" असं सगळं होतं. तू मनमिळाऊ नव्हतीस. तो कागद फाडला. आता जसं आठवतं तसं लिहिते. काही ठिकाणी चुकेन.

आपलं काम काय होतं ते आधी सांगते, कारण अंक इतर विभागांतही वाचतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सोपं करून सांग. नाईतर आपल्यालेच समजलं नाई असं होते."

माणसाच्या आतड्यात एक बॅक्टेरिया राहतो. त्याच्या एका जीनपासून जे एन्झाइम बनतं, त्याला ठरावीक रसायन दिलं की निळा रंग येतो. तो जीन झाडाच्या पानात घातला तर पान तो वाचेल का, एवढाच आपला प्रश्न होता. जीन आपोआप झाडात जात नाही. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं एक लहानसं गोल कडं, त्यावर तो बसवतात. ते कडं दुसऱ्या एका बॅक्टेरियात ठेवतात. हा दुसरा मातीत राहतो आणि झाडाच्या जखमेतून आपला थोडा डीएनए झाडाला देतो. त्याच्या या सवयीचा आपण उपयोग करून घेत होतो. बिनसुईच्या सिरिंजनं त्या बॅक्टेरियाचं पाणी तंबाखूच्या पानात मागच्या बाजूनं दाबून भरायचं. दोन-तीन दिवस थांबायचं. मग पानाचे तुकडे रसायनात आणि नंतर अल्कोहोलमध्ये ठेवायचे. हिरवा रंग धुऊन जातो, पान पांढरं पडतं आणि निळं असेल तर तेवढं उरतं.

माझे बाबा एकदा गोंडपिपरीहून तांदूळ घेऊन होस्टेलवर आले होते, तेव्हा आपण त्यांना काचेतून रोपं दाखवली होती. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खर्रा सोडा, खर्रा सोडा म्हणून सारे आमच्या मागं लागते. आन् इथी एसी लावून तंबाखू पोसून राह्यले."

तू अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस, "काकाजी, हा खायाचा नाई. हा अभ्यासाचा आहे."

"मंग महाग असन," बाबा म्हणाले. तू नळाकडे तोंड करून हसलीस. नंतर घरी फोन केला की बाबा माझ्याआधी तुझीच चौकशी करायचे. अजून करतात. परवा विसरून केली.

तुझी पहिली आठवण लाल कार्डाची आहे. आपल्या जिल्ह्यांत सिकलसेलची तपासणी होते, आजार पुढच्या पिढीत नेऊ शकणाऱ्याला पिवळं कार्ड मिळतं आणि आजार असलेल्याला लाल. ते तुझ्या ओळखपत्राच्या पाकिटात मागच्या बाजूला होतं. प्रवेशाच्या रांगेत मला ते दिसलं आणि मी बहुतेक जरा मागे सरकले. तू वळून म्हणालीस, "लागत नाई वो ते. डीएनएचं एक अक्षर बदललं आहे फक्त. बाकीचं पुस्तक बरोबर आहे." म्हणूनच तू जनुकांचा विषय घेतलास, असं मी कित्येक दिवस सगळ्यांना सांगत फिरले. तुझ्या कानावर गेलं तेव्हा तू चिडलीस. "इथी नंबर लागला म्हणून शिकून राह्यली मी. माया आजारावर नको लावू साऱ्या गोष्टी."

आता मी तुझ्यावर लिहायला बसले आहे आणि पुन्हा तेच करते आहे. पण या वेळी ते टाळता येत नाही.

मार्चमध्ये आपलं पान निळं झालं. दुपारी तू अल्कोहोलमधून तुकडा काढून पांढऱ्या बशीत ठेवलास. मधोमध ढगासारखा निळा डाग होता. आमच्या घरात मी पहिलीच कॉलेजला गेलेली. त्या दिवसापर्यंत मी जे काही शिकले ते दुसऱ्याच कोणीतरी आधी केलेलं होतं. हे पहिलं काहीतरी माझं होतं. मी फोटो काढून घरी पाठवला. तू मात्र बशीवर वाकून कितीतरी वेळ बघत बसलीस.

"बॅक्टेरियाले विचारलं का?" तू म्हणालीस.

मी म्हटलं, कंट्रोल आहे ना आपला, तुलनेसाठी केलेलं पान. प्लास्मिड नसलेला बॅक्टेरिया भरलेलं पान पांढरंच आहे. म्हणजे निळा आला तो प्लास्मिडमुळेच.

"प्लास्मिडमुळंच आला. पन कोनी केला? त्या कंट्रोलच्या बॅक्टेरियात जीनच नाई, तो काऊन निळा करन? ज्याच्यात जीन आहे त्याले विचार. तो पानाच्या आत बसून हाय अजून. जीन बॅक्टेरियाचाच, वाचनारा बी बॅक्टेरियाच असला तर? मंग पानानं काय केलं?"

चाचणी साधी होती. पान घ्यायचंच नाही. नुसता तो बॅक्टेरिया नळीत घ्यायचा आणि त्याला रसायन द्यायचं. नळी निळी झाली, तर पानातला निळा रंग पानानंच केला असं म्हणता येत नाही. एका दुपारचं काम होतं. मी केलं नाही. वेळ नाही, असं मी म्हणाले. खरं कारण हे की मला भीती वाटली.

मग तू मला तुमच्या गावची गोष्ट सांगितलीस. झाडाला आंबे लागले तरी पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय तुमच्याकडे कोणी तोंडात घालत नाही. भूमिया, म्हणजे गावचा पुजारी, आधी देवाला आणि जुन्या माणसांना देतो, मग गाव खातं. लहानपणी तू एक कैरी चोरून खाल्लीस, तर आजोबांनी मारलं नाही, फक्त दिवसभर तुझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, "हे विज्ञान आहे वो. इथी कुठून आला पंडुम?"

"पंडुम म्हनजे तुले काय वाट्टे? साऱ्यांनी मिळून पाह्याचं, झाला का नाई तयार. मंगच खायाचं. तू एकटीनंच तोडला."

मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही.

एप्रिलमध्ये विद्यापीठाचं चर्चासत्र होतं. मी पोस्टर पाठवायचं ठरवलं आणि सरांना विचारलं. त्यांनी कंट्रोल आहे का विचारलं, मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं, म्हणून मला ते सहज जमलं. तू म्हणालीस, "मायं नाव टाकू नको." मला वाटलं, रागानं बोलतेस. मी तुझं नाव माझ्या नावाच्या आधी टाकलं. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

चांगले फोटो मिळावेत म्हणून शेवटचे तीन दिवस आपण सगळी पानं पुन्हा केली. पटत नसताना तू का आलीस, मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "रोपं माजी बी आहेत." बाहेर गडचिरोलीचं ऊन, त्यामुळे रोपं एसीच्या कल्चर रूममध्येच ठेवावी लागत होती. तू स्वेटर घालून बसायचीस आणि मी त्यावरून तुला चिडवायची. आत पाण्याची बाटली न्यायची नाही हा नियम होता. पाणी प्यायचं तर बाहेर जायचं, चप्पल बदलायची, परत येताना पुन्हा स्पिरिटनं हात पुसायचे. यात वेळ जातो म्हणून तू जाईनाशी झालीस. तुला थंडी चालत नाही, तुझ्या शरीरात पाणी कमी पडलं की रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन अडकतात, हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस. तिसऱ्या दिवशी तू मांडी दाबत बसलीस. मी म्हटलं, "दुखते का?" तू म्हणालीस, "थोडं." मी म्हटलं, "एवढी चार पानं होऊन जाऊ दे."

हे मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की सिकलसेलचा असा झटका कशानंही येऊ शकतो, कधी काहीच कारण नसतानाही. मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले, का खरंच तसं असतं, कळत नाही. पानाचा कंट्रोल करता येतो. तुझा कसा करणार? त्या तीन दिवसांत दर तासाला बाहेर जाऊन पाणी प्यायलेली दुसरी जैवंती मी कुठून आणू?

मी चर्चासत्राला गेले. दुसरं बक्षीस मिळालं. तिथूनच तुला फोन केला.

"बक्षीस भेटलं," मी म्हटलं.

"बरं झालं." मग तू विचारलंस, "नळीचा कंट्रोल केला का?"

मी म्हटलं, "तुले माजं बरं पाहवतच नाई, जैवंती." आणि फोन कापला. तुझ्या मागे कोणीतरी मोठ्यानं नावं पुकारत होतं. मला वाटलं, तू बसस्टँडवर आहेस, गावी निघालीस. तो दवाखाना होता. तू मला सांगितलं नाहीस. मी फोन कापला नसता तर सांगितलं असतंस का, हेही आता कळायला मार्ग नाही. दुखणं छातीत गेलं आणि तिसऱ्या दिवशी तू गेलीस. मी पोचले तेव्हा तुझ्या पायांवर तेच स्वेटर होतं.

गावात तुला पुरलं, तेव्हा मी होते. कोणी मला काही विचारलं नाही. नंतर आठवड्यानं विभागातले आम्ही सगळे तुझ्या घरी भेटायला आलो, तेव्हा तुझ्या नावाचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून आणलं होतं. ही कल्पना माझी नव्हती, पण मी नाहीही म्हटलं नाही. तुझ्या बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलं. निळ्या पानाबद्दलचं, तुझं नाव असलेलं, तू नको म्हटलेलं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी नळी लावली. फक्त बॅक्टेरिया आणि रसायन. पान नाही. सकाळी ठेवली आणि जेवून आले तोवर नळी निळी झाली होती. आपल्या पानापेक्षा गडद. मी ती स्टँडमध्ये ठेवली आणि तुझ्या स्टुलावर बसले. रडू आलं नाही. लाज वाटली. लाज एवढी मोठी असू शकते हे मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात तुझ्या नावानं पाकीट आलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून. आत फिल्टर पेपरचा तुकडा, त्यावर पेन्सिलनं काढलेलं एक वर्तुळ आणि वर्तुळात वाळलेला प्लास्मिडचा थेंब. तू मला न सांगता मागवला होतास. जीन तोच, पण त्याच्या मधोमध एक जास्तीचा तुकडा घातलेला. झाड असा तुकडा कापून टाकून पुढचं वाचू शकतं. बॅक्टेरियाला ते जमत नाही. म्हणजे या प्लास्मिडनं पान निळं झालं, तर ते पानानंच केलेलं असणार. आपल्या भांडणाचं उत्तर तू मागवून ठेवलं होतंस आणि माझ्याशी भांडत बसली नव्हतीस.

मी त्या थेंबापासून सगळं पुन्हा केलं. नळी निळी झाली नाही. तसंच व्हायला हवं होतं. मग पानं केली. ती पांढरी राहिली. पुन्हा केली, पांढरीच. तिसऱ्यांदाही. कदाचित माझा हात चुकत असेल, कदाचित मे महिन्यात रोपांतच जीव नसेल. तू सिरिंज लावायचीस तेव्हा पानाला डाग पडायचा नाही. माझ्या हातानं पान नेहमी फाटतं.

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, "मीही नीट विचारायला हवं होतं." प्रबंधात नळीचा फोटो टाक, पानं पांढरी राहिली हेही लिही, आयोजकांना आपण पत्र पाठवू. मी बाहेर निघाले तेव्हा म्हणाले, "पण तिच्या घरी तूच जाऊन सांग. पत्रानं नको."

चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत एटापल्लीच्या पुढे तुझ्या गावाला पोचायला दुपार झाली. तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायचे दिवस होते. तुझे आईबाबा ओसरीत, फळीवर म्हणजे खरेदीच्या जागी न्यायचे पानांचे पुडे बांधत बसले होते. मीही बसले. तुझ्या आईनं माझ्यासमोर पानांचा एक ढीग सारला. मी बांधायला लागले, तशी तिनं माझ्या पुड्यातून दोन पानं ओढून फेकली. भोकं पडलेली होती.

"फळीवर मुन्शी पुडा खोलून पाह्यते," तुझे बाबा म्हणाले. "खराब पान दिसलं का पुरा पुडाच बाजूले."

मग मी सांगितलं. नीट जमलं नाही. नळी, पान, निळा रंग. बक्षीस ज्या गोष्टीला मिळालं ती खरी नव्हती. चूक माझी होती. जैवंतीनं आधीच सांगितलं होतं, तिनं नाव टाकू नको म्हटलं होतं, मी टाकलं. ते प्रशस्तिपत्र तिचं नाही.

तुझे बाबा तुझ्या आईला माडिया बोलीत सांगत गेले. ती हात न थांबवता ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं एकदाच भिंतीकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. बाबांनी आधी हातातला पुडा बांधून संपवला.

"काय म्हनते?" मी विचारलं.

"म्हनते, पोरीनं सांगतलं होतं तर बरोबर सांगतलं असन. तिले खोटं जमतच नोतं." मग त्यांनी फ्रेमकडे हात केला. "पन कागद राहू दे म्हनते. तिचं नाव छापून दुसरं कुठीच नाई आमच्यापाशी."

मी ती फ्रेम काढून न्यायलाच आले होते. नाही काढली. तू रागावशील हे मला माहीत आहे. त्या कागदावर तुझं नाव ठळक अक्षरात आहे आणि खाली जे लिहिलं आहे ते खोटं आहे. रोज सकाळी तुझी आई त्याच्यासमोरून जाते. तुझ्या बाजूनं मी तिथे बोलायला हवं होतं. तिच्याकडे पाहून मला बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे, नावानिशी. निकाल चुकीचा होता. तो जैवंतीनं मान्य केला नव्हता. तिच्या घरच्या भिंतीवर काहीही असलं तरी हे असंच होतं.

तुझे बाबा मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. झाडाखाली आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो. ते म्हणाले, "बाई, ते दुसरं पाकीट तिनं बोलावलं म्हनते तू. ती राह्यती तर झालं असतं का ते पान निळं?"

होय म्हणायला काहीच लागलं नसतं. तिच्या हाताला जमलं असतं, काका, असं मी म्हटलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

"मालूम नाई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांना दुसरं उत्तर हवं होतं, जैवंती.